तो कागद कुठे आहे?

‘ध’ चा ‘मा’ करणे हा वाक्प्रचार मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. कचेरीतल्या कारकुनाने अर्जातला आकडा बदलला, भावाने भावाच्या निरोपात दोन शब्द पदरचे घातले, वर्तमानपत्राने कुणाच्या भाषणाचा अर्थ उलटा केला, की आपण सहज म्हणून जातो, ‘यांनी ध चा मा केला.’ म्हणताना आपला राग असतो तो त्या कारकुनावर किंवा त्या भावावर. पण या शब्दांच्या मागे एक स्त्री उभी आहे, आणि दर उच्चाराबरोबर आपण तिच्यावरचा खुनाचा आरोप पुन्हा एकदा शाबीत करीत असतो, याचे भान आपल्याला नसते. मलाही नव्हते. मी जन्मभर इतिहास शिकवला, आणि हे भान मला आठवीतल्या एका मुलीने आणून दिले.

नारायणराव पेशव्यांच्या वधाचा धडा हा इतिहासाच्या शिक्षकाचा हुकमी धडा. तहांची कलमे आणि लढायांच्या सनावळ्या यांत पेंगुळलेला वर्ग त्या दिवशी जागा होतो. मीही तो धडा रंगवून सांगत असे. ३० ऑगस्ट १७७३, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, ऐन गणपतीचे दिवस. शनिवारवाड्यात थकलेल्या पगारासाठी शिरलेले गारदी. अठरा वर्षांचा पेशवा. चुलत्याच्या कमरेला घातलेली मिठी आणि ‘काका, मला वाचवा’ ही हाक. मग जरा आवाज खाली आणून मी सांगे की, रघुनाथरावांनी गारद्यांना चिठी दिली होती ती नारायणरावांना ‘धरावे’ अशी. पण आनंदीबाईने मधल्यामध्ये ‘ध’ चा ‘मा’ केला आणि ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले. वर्ग स्तब्ध होई. ती स्तब्धता ही माझ्या अध्यापनाची पावती आहे, असे मी समजत होतो.

अशाच एका तासाला, स्तब्धता पुरती उतरायच्या आत, मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘सर, तो कागद कुठे आहे?’’

मी विचारले, ‘‘कोणता?’’

‘‘ज्याच्यावर ध चा मा केला, तो. आपण तो बघितलाय का?’’

वर्ग हसला. मीही हसलो आणि ‘पुण्याला दप्तरात असेल’ असे काहीतरी बोलून पुढे गेलो. पण माझ्या उत्तरातले ‘असेल’ मला घरी जाताना टोचू लागले. कागदाचा पत्ता मला ठाऊक नव्हता. इतकेच असते तर बिघडले नसते, कारण शिक्षकाला सगळेच ठाऊक असते असे नाही. बिघडले होते ते असे, की इतक्या वर्षांत हा प्रश्न मला स्वतःला पडला नव्हता.

मग सुट्टीत मी शोधाला लागलो. ही गोष्ट आपल्याकडे आली कुठून, याचा माग मागे मागे घेत गेलो. रंगभूमीने ती घरोघर पोचवली, हे तर स्पष्टच होते. खाडिलकरांचे ‘भाऊबंदकी’ १९०९ चे. पण नाटककार पुरावा देण्यास बांधलेला नसतो. त्याच्याही मागे गेलो, तेव्हा वाट थांबली ती ग्रँट डफ या इंग्रज अधिकाऱ्यापाशी. पेशवाई बुडाल्यावर साताऱ्यास कंपनीचा प्रतिनिधी म्हणून राहिलेल्या या गृहस्थाने मराठ्यांचा इतिहास लिहिला आणि तो १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. थोड्याच वर्षांत त्याचे मराठी भाषांतर होऊन ते पुष्कळ काळ आपल्या शाळांतून वाचले गेले. मूळ कागद रामशास्त्र्यांच्या हाती लागला आणि त्यात ‘धरावे’चे ‘मारावे’ केलेले आढळले, असे डफने लिहून ठेवले आहे. हा फरक कुणी केला याविषयी मात्र तो स्वतःच्या नावावर काही सांगत नाही. आनंदीबाईने केला अशी सार्वत्रिक समजूत आहे, एवढेच सांगतो. म्हणजे वधानंतर त्रेपन्न वर्षांनी छापलेल्या ग्रंथात, कागद स्वतः पुढे न मांडणाऱ्या लेखकाने, लोकांची म्हणून नोंदवलेली ती एक समजूत आहे. ग्रंथातली ‘समजूत’ माझ्या वर्गापर्यंत येता येता ‘घटना’ झाली होती. या प्रवासात कुणीतरी खरोखरच ध चा मा केला होता, आणि करणाऱ्यांच्या रांगेत शेवटचा मी होतो.

ग्रँट डफवर विसंबू नये हे काही मी पहिल्याने म्हणत नाही. नीलकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने १८६७ च्या सुमारासच डफच्या बखरीवर टीका लिहून आपला इतिहास आपण तपासला पाहिजे असा हाकारा घातला. पुढे राजवाडे उभे राहिले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ चा. घटनेच्या वेळी लिहिलेला एखादा फाटका अस्सल कागद मागाहून रचलेल्या सगळ्या बखरींना भारी आहे, हा त्यांचा आग्रह. त्या आग्रहापायी हा मनुष्य गावोगाव हिंडला आणि वाड्यांच्या माळ्यांवर, वाण्यांच्या पुड्यांत जाऊ पाहणारे रुमाल त्याने वाचवले. १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले. पुढे सरदेसायांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग छापले. हे सर्व मी परीक्षेसाठी पाठ केले होते आणि मुलांकडूनही करून घेतले होते. राजवाड्यांचा मोठेपणा मी शिकवीत होतो, आणि राजवाड्यांना जे सहन झाले नसते नेमके तेच त्यांच्या धड्याच्या आदल्या आठवड्यात रंगवून सांगत होतो. या दोन गोष्टींची गाठ माझ्या डोक्यात कधी पडली नाही.

शाळा सुरू झाल्यावर मी त्या वर्गापुढे ही हकीकत जशीच्या तशी ठेवली, माझ्या ‘असेल’सकट. फळ्यावर तीन रकाने आखले. पहिल्यावर लिहिले ‘कळते’, दुसऱ्यावर ‘म्हणतात’ आणि तिसऱ्यावर ‘कळत नाही’. मुलांना सांगितले की, धड्यातले एकेक वाक्य उचला आणि ते कुठे बसते ते सांगा. वधाचा दिवस आणि जागा पहिल्या रकान्यात गेली. गारद्यांनी मारले आणि मागून रघुनाथरावांना पेशवाईची वस्त्रे मिळाली, हेही तिथेच गेले. ‘काका, मला वाचवा’पाशी वाद झाला. ती हाक ऐकणारे कोण होते आणि त्यांतल्या कुणी ती लिहून ठेवली, असे एकाने विचारले. हाक दुसऱ्या रकान्यात गेली. जाताना दोन-तीन मुलांना वाईट वाटलेले दिसले. ‘ध चा मा’ तर दुसऱ्यात गेलाच. आतून कुणाची काय इच्छा होती, हे तिसऱ्यात राहिले.

मुलांना एवढ्याने समाधान नव्हते. बालबोधीत ‘धरावे’चे ‘मारावे’ करायचे तर नुसते अक्षर बदलून भागत नाही, काना वाढवावा लागतो, तेवढी जागा शब्दात हवी. मग मोडीत हे जमले असते का, असा प्रश्न निघाला. स्वातंत्र्यानंतर मोडी शाळांतून गेली. त्यामुळे आजची मुले आपल्याच खापरपणजोबांच्या सहीपुढे निरक्षर आहेत. मी एक मोडीचा तक्ता मिळवून भिंतीवर लावला. दोन दिवस वर्गात दुसरा उद्योग नव्हता. बोरूच्या अभावी जाड टाकाने मुलांनी ‘धरावे’ लिहिले आणि त्याचे ‘मारावे’ करून पाहिले. कुणाचे जमले, कुणाचे उघडच खाडाखोड वाटले. ज्याचे झकास जमले तो मुलगा ओरडला, ‘‘सर, जमतंय! म्हणजे केलंच असणार!’’ त्यावर ती मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, ‘‘तुला जमलं एवढंच कळलं. तिनं केलं हे कुठं कळलं?’’

‘होऊ शकते’ आणि ‘झाले’ यांच्यामधली ही दरी पुष्कळ सुशिक्षित माणसांना सगळ्या आयुष्यात दिसत नाही. कज्जेदलालांचा आणि चहाडखोरांचा सगळा व्यापार या दरीवर पूल बांधण्याचा असतो. चौदा वर्षांच्या मुलांना ती दरी शाईने बरबटलेल्या बोटांनी चाचपता आली. मूळ साधने वर्गात आणल्याने मुलांना रस वाटतो असे शिक्षणशास्त्राची पुस्तके सांगतात. ते खरेच आहे. पण रस गोष्टीनेही वाटतो, आणि माझ्या जुन्या, रंगवलेल्या धड्यात तो काही कमी नव्हता. फरक पडला तो इतकाच, की आधी मुले निकाल ऐकत होती, आता निकाल देण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. आणि जबाबदारी आली की जीभ आपोआप जड होते.

इथपर्यंत सगळे गोड झाले. एका बिचाऱ्या स्त्रीवरचा डाग पुसायला आम्ही निघालो होतो, आणि डाग पुसताना मनुष्याला आपण फार चांगले आहोत असे वाटते. रघुनाथरावांच्या मृत्यूनंतर आनंदीबाईची उरलेली वर्षे कोपरगाव आणि नाशिकजवळचे आनंदवल्ली इथे नजरकैदेत गेली आणि १७९४ मध्ये ती वारली, हे मी मुलांना सांगितले. वर्ग तिच्या बाजूला झुकला. दोन-तीन मुलांनी तर ‘आनंदीबाई निर्दोष’ असे वहीत लिहूनही टाकले. मी त्यांना थांबवले. ‘पुरावा नाही’ याचा अर्थ ‘निर्दोष’ असा होत नाही, तो ‘पुरावा नाही’ एवढाच होतो. तिलाही तिसऱ्याच रकान्यात बसवले पाहिजे. मुले नाखुशीने कबूल झाली. आणि मग एका मुलाने शांतपणे विचारले, ‘‘सर, मग रामशास्त्र्यांची गोष्टसुद्धा त्याच पुस्तकात आहे ना?’’

या प्रश्नाला मी तयार नव्हतो. रामशास्त्री प्रभुणे हे माझे दैवत. राज्यकर्त्याच्या तोंडावर ‘या पापाला देहान्ताखेरीज प्रायश्चित्त नाही’ असे सांगून दरबार सोडून जाणारा न्यायाधीश! ज्या देशात बड्यांपुढे मान तुकवण्याची इतकी सवय आहे, तिथल्या मुलांना सांगण्यासाठी याच्याइतकी मोलाची गोष्ट कोणती? शिक्षकाचा पगार मी काही अंशी ही एक गोष्ट सांगण्यासाठी घेतो, असे मला वाटत आले आहे. आणि ती गोष्ट डफच्या ग्रंथात अगदी त्याच प्रकरणात, चिठीच्या गोष्टीला लागूनच येते. एकाच साक्षीदाराने, एकाच दमात, दोन गोष्टी सांगितल्या. त्यांतली मला नावडणारी ‘ऐकीव’ आणि आवडणारी ‘इतिहास’, असा न्याय करायचा तर रामशास्त्र्यांचे नाव घेण्याचा अधिकार मला उरत नव्हता.

मी ती गोष्ट दुसऱ्या रकान्यात लिहिली. खडू जड झाला होता, हे कबूल करतो. रामशास्त्री होते, माहुलीचे होते, न्यायाधीश होते, पुढे पुन्हा त्या पदावर आले, १७८९ मध्ये वारले, आणि त्यांच्या निःस्पृहपणाचा लौकिक मोठा होता, हे पहिल्या रकान्यात राहिले. पण भर दरबारातला तो प्रसंग आणि ते वाक्य ‘म्हणतात’मध्ये गेले.

शिक्षकांच्या खोलीत याची चर्चा व्हायची ती झालीच. आमच्यातले एक ज्येष्ठ शिक्षक माझ्यावर खरोखर रागावले. त्यांनी तरुणपणी शाळेच्या संमेलनात रामशास्त्र्यांची भूमिका केलेली. ते म्हणाले, ‘‘अहो, मुलांना आधी काहीतरी मानायला शिकवा, मग शंका घ्यायला शिकवा. तुम्ही मूर्ती घडण्याआधीच घणाचा घाव घालताहात. उद्या ही पोरे आईबापांना विचारतील, तुम्ही आमचे आईबाप कशावरून? कागद दाखवा!’’

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नुसती शंका शिकलेला मनुष्य काही शहाणा होत नाही. सगळेच खोटे असे म्हणणारा माणूस आणि सगळेच खरे असे म्हणणारा माणूस हे दोघेही सख्खे भाऊ आहेत. तपासण्याचे कष्ट दोघांनाही नको असतात. आणि हेही खरे, की मुलाच्या मनाला वाढीसाठी उंच माणसे लागतात. पण मी त्या गृहस्थांना एवढेच विचारले की, रामशास्त्र्यांना आपण मोठे मानतो ते कशासाठी? समोर पेशवा आहे, आपला अन्नदाता आहे, म्हणून त्यांनी पुराव्याकडे डोळेझाक केली नाही, यासाठीच ना? मग आपल्या आवडत्या माणसासाठी पुराव्याकडे डोळेझाक करायला मुलांना शिकवून आपण रामशास्त्री शिकवतो की रामशास्त्र्यांच्या शत्रूंचा धडा देतो? ती गोष्ट उद्या अक्षरशः खरी ठरो अथवा न ठरो, तिच्यातले मूल्य मुलांनी त्या दिवशी फळ्यापुढे आचरून पाहिले. आपल्या आवडीच्या गोष्टीविरुद्ध निकाल देणे फार कठीण असते, आणि ते त्यांनी दिले. ते गृहस्थ गप्प बसले. पटले म्हणून की थकले म्हणून, हे तिसऱ्या रकान्यात घालावे लागेल.

मला वाटले, आता मला एक कसोटी सापडली. कुणी काही सांगितले की विचारायचे, ‘तो कागद कुठे आहे? तो त्याच वेळचा आहे का? लिहिणाऱ्याने डोळ्यांनी पाहिले होते का?’ मोठी सुटसुटीत कसोटी. पुढच्याच वर्षी ती माझ्या हातात मोडली, आणि ती मोडणारा कागद मीच वर्गात आणला होता.

तो कागद होता मुक्ता साळवे या मुलीचा निबंध. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या या मांग समाजातल्या मुलीचा निबंध ‘ज्ञानोदया’त १८५५ मध्ये छापून आला. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा हा निबंध. शाळकरी मुलीने लिहिलेले अस्सल साधन शाळकरी मुलांपुढे ठेवावे, एवढाच माझा हिशेब होता. वाचन चालू असताना वर्गात जी शांतता पसरली, ती माझ्या जुन्या रंगवलेल्या धड्याच्या शांततेहून निराळी होती. ती मुलगी देवालाच विचारते की, धर्माचे ग्रंथ वाचण्याचा ज्यांना अधिकार नाही त्यांचा धर्म तरी कोणता. डोक्यावर छप्पर नसताना थंडीपावसात बाळंत होणाऱ्या आपल्या बायकांचे हाल ती सांगते. बाजीरावाच्या राज्यात मांग-महारांना तालीमखान्यावरून जाण्याची चोरी होती आणि गेल्यास जिवावर बेतत असे, हेही सांगते.

वाचन संपले. आणि माझ्याच तालमीत तयार झालेला एक हुशार मुलगा उठून म्हणाला, ‘‘सर, पेशवाई बुडाली १८१८ ला. हे लिहिलंय १८५५ ला. म्हणजे सदतीस वर्षांनी. हिनं स्वतः पाहिलेलं नाही. हे ‘म्हणतात’मध्ये जाईल.’’

हिशेबात चूक नव्हती. डफला जो गज लावला तोच त्याने हिला लावला होता. पण दुसऱ्या रांगेतल्या एका मुलाची मान खाली गेलेली मी पाहिली. तो वस्तीवरून येणारा मुलगा होता. त्याने घरी आजीकडून काय काय ऐकले असेल, ते कुठल्याच दप्तरात नव्हते. आम्ही क्षणात ते ‘ऐकीव’ ठरवून टाकले होते. सत्याची म्हणून जी शिस्त मी शिकवली, तिनेच माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या घरची आठवण दाराबाहेर उभी केली होती.

त्या दिवशी मी उत्तर दिले नाही. उद्या बोलू म्हणालो. रात्रभर मी त्यावर विचार केला, आणि जे सुचले ते दुसऱ्या दिवशी सांगितले. ते आजही मला बरोबर वाटते.

पहिली गोष्ट अशी, की कुठलाही कागद खरा किंवा खोटा असा सरसकट नसतो; तो कशाचा पुरावा, हे विचारावे लागते. डफचे ते वाक्य १७७३ सालच्या खोलीत काय घडले याचा पुरावा नाही, पण १८२० च्या आसपास लोक काय मानत होते याचा तो उत्तम पुरावा आहे. मुक्ताच्या निबंधातला पेशवाईचा भाग तिने वडीलधाऱ्यांकडून ऐकलेला आहे, हे मान्य. पण पावसात बाळंत होणारी बाई तिने ऐकलेली नाही; ती तिच्या आजूबाजूला आहे. आणि ‘आमचा धर्म कोणता’ हा प्रश्न तर तिने कुणाकडूनच ऐकलेला नाही. १८५५ साली त्या समाजातली एक मुलगी काय पाहत होती, कशाला भीत होती आणि काय विचारत होती, याची ती डोळ्यांदेखतची साक्षीदार आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. ‘कागद कुठे आहे?’ असे विचारण्याआधी आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे: ‘कागद लिहिण्याची मुभा कुणाला होती?’ शनिवारवाड्यात कारकुनांची वाण नव्हती. तिथे तुपाचा आणि तेलाचा हिशेब लिहिला गेला, आणि पुण्याच्या दप्तरात कोट्यवधी कागद शिल्लक राहिले. अशा ठिकाणी एवढ्या मोठ्या आरोपाचा कागद कुणी दाखवू शकत नसेल, तर आरोप करणाऱ्याला आपण अडवणे रास्त आहे. पण ज्या माणसांच्या हाती शतकानुशतके लेखणी येऊच दिली नाही, त्यांना ‘तुमच्यावरच्या जुलमाचा त्या वेळचा, तुमच्या हातचा कागद आणा’ असे सांगणे म्हणजे आधी जीभ कापायची आणि मग जबानी मागायची. त्यांच्याकडे कागद नसणे हाच त्यांच्या स्थितीचा पहिला पुरावा आहे. पेशवाईतले जातीचे निर्बंध लिहिणाऱ्यांच्या कागदांतही डोकावतात. ते शोधावेत, ताडून पाहावेत, मुक्ताच्या शब्दांनाही तपासावे. तपासणीतून तिला सूट देणे हाही एक तऱ्हेचा अपमानच. मात्र तपासणाऱ्याने आधी हे लक्षात घ्यावे, की तराजूचे एक पारडे कधीच रिकामे करून ठेवलेले होते.

तो हुशार मुलगा म्हणाला, ‘‘मग चौथा रकाना पाहिजे, सर.’’ त्याचे नाव काय ठेवावे यावर वर्गाने बराच खल केला. अखेर दुसऱ्या रांगेतल्या त्या मुलाने सुचवले, ‘‘लिहू दिलं नाही.’’ तेच फळ्यावर गेले. पुढच्या सोमवारी तो आजीकडून ऐकलेल्या दोन गोष्टी स्वतःच्या अक्षरात लिहून घेऊन आला, खाली तारीख घालून. तारीख का घातलीस, असे मी विचारले. तो म्हणाला, ‘‘कधी लिहिलं ते कळायला नको का?’’

हा वृत्तान्त इथे संपवला असता तर मला फार आवडले असते. पण ज्या मुलीच्या प्रश्नापासून हे सुरू झाले तिची एक बाकी माझ्या नावावर आहे, ती लपवून हा लेख लिहिणे बरे नव्हे.

तिच्या वर्षीची वार्षिक परीक्षा सामाईक प्रश्नपत्रिकेवर झाली. प्रश्न बाहेरून आलेले, आदर्श उत्तरेही सोबत आलेली. ‘एका वाक्यात उत्तरे द्या’ या सदरात प्रश्न होता, ‘ध’ चा ‘मा’ कोणी केला? गुण एक. उत्तर, आनंदीबाईने. वर्गातल्या बहुतेक मुलांनी तेच लिहिले. मुले शहाणी असतात, वर्ग निराळा आणि परीक्षा निराळी हे त्यांना कळते. तिने लिहिले होते, ‘आनंदीबाईने केला असे म्हणतात, पण तो कागद मिळालेला नाही.’

मी तो गुण कापला.

कारणे माझ्यापाशी होती. आदर्श उत्तर ठरलेले होते, पेपर दुसऱ्या शाळेतून फेरतपासणीला जायचे होते, एकीला गुण दिला तर उत्तरपत्रिकेवर शेरा यायचा होता. एका गुणाने तिचा क्रमांक बदलत नव्हता. ही सगळी कारणे खरी आहेत, आणि त्यांतले एकही कारण मी रामशास्त्र्यांपुढे मांडू शकलो नसतो. वर्षभर ज्या धैर्याचे मी गुणगान केले ते दाखवण्याची वेळ आली तेव्हा त्याची किंमत एक गुण होती, आणि ती मला जास्त वाटली. तिने तक्रार केली नाही. उत्तरपत्रिका पाहून तिने ती परत दिली आणि नुसते माझ्याकडे पाहिले.

मूळ साधने वर्गात आणणे ही अध्यापनाची एक युक्ती आहे, असे ज्यांना वाटत असेल त्यांना मी हा एक गुण दाखवीन. नकाशा किंवा चित्र वर्गात आणले आणि तास संपल्यावर गुंडाळून ठेवले तर काही बिघडत नाही. कागद तसा गुंडाळता येत नाही. ‘हे तुम्हाला कशावरून कळले?’ असे विचारायला मुलांना एकदा शिकवले की तो प्रश्न पाठ्यपुस्तकाला लागतो, आवडत्या थोर पुरुषाला लागतो, आपल्या जातीला आणि आपल्या घराला लागतो, आणि फिरत फिरत तो शिकवणाऱ्याच्या लाल शाईपर्यंत येतो. तिथे तो थांबवायचा असेल तर मुळात शिकवूच नये. मी तिथे थांबवला. माझ्या हातून गेला तो एक गुण नव्हता. वर्षभर शिकवलेला सगळा धडा मी एका लाल रेघेने खोटा ठरवला.

पुढच्या वर्षापासून मी अशा उत्तरांना गुण देऊ लागलो आणि समासात कारण लिहू लागलो. एकदा शेरा आलाही; त्याने आकाश कोसळले नाही. पण त्या मुलीला तो गुण मिळाला नाही, तो नाहीच. ती उत्तरपत्रिका रद्दीत गेली असेल. म्हणजे उद्या कुणी मला विचारले, ‘तुम्ही हे केले याला पुरावा काय, तो कागद कुठे आहे?’ तर मलाही दाखवता येणार नाही. म्हणूनच हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवले.